पाहिलं, ऐकलं, वाटलं

अकरा गावं, दोनशे सात माणसं,
फोनवर एक गट : 'सावध'.
त्यातल्या वीसेकांचे चेहरे मला ठाऊक आहेत.
बाकी सगळे नंबर,
आणि चेहऱ्याच्या जागी कुणी लावलेलं कमळ, ट्रॅक्टर,
लेकराचं बारसं.

मी शाखा डाकघरात बसते.
पत्र हातात आलं की आधी शिक्का पाहायची सवय,
कोणतं गाव, कोणती तारीख,
मग मजकूर.
इथं मजकूरच आधी येतो.
शिक्का येतच नाही.

मोह गळायला लागला होता.
बायका पहाटे चारला टोपल्या घेऊन निघायच्या,
साडेतीनला कुणीतरी फोटो टाकला,
रस्त्यात आडवा बसलेला पट्टेवाला.
'आपल्या नाल्यापाशी. आत्ता.'
मी दोन बोटांनी फोटो ताणला.
झाडाची सावली बुंध्याशी गोळा झालेली, म्हणजे भर दुपार.
मागचा साग पानांनी भरगच्च,
आमचा तर महिन्याभरापासून उघडा उभा.
मैलाच्या दगडावरची लिपी मला वाचता येईना.
मी हे सगळं लिहिलं.
तोवर तो फोटो पाच गावं पुढं गेला होता.
त्या दिवशी टोपल्या घरीच राहिल्या
आणि मोह डुकरांनी खाल्ला.

म्हणून वही केली.
मनीऑर्डरचीच जुनी, उलट्या बाजूनं.
लोमेश निकुरे : सात सांगितले, सात खरे.
हिरामण गेडाम : नऊ सांगितले, चार खरे.
लोमेशच्या नावापुढं मी चांदणी काढली.
तेंदूचा हंगाम सरेपर्यंत ती तिथं चमकत होती.

मग एका रिकाम्या दुपारी
नुसत्या वेळा एकाखाली एक मांडल्या.
लोमेशचा निरोप हिरामणच्या मागून येतो,
दोन तासांनी, वनरक्षक जाऊन आल्यावर,
शुद्धलेखन सुधारून.
हिरामण रोज शेळ्या घेऊन रानात.
चितळ हललं तरी त्याला वाघ दिसतो.
जो बघतो तो चुकतो.
जो घरी बसून खऱ्याचीच नक्कल करतो
तो चुकेल कुठं?
चांदणी खोडायला गेले, कागद फाटला.

आणि मुरपारची बातमी,
'बाई नेली'.
पाच जणांनी सांगितली. पाच म्हणजे पंच, मला वाटलं.
एकेकाला फोन लावला.
पाचही दावी एकाच खुंट्याला.
हळदीच्या मांडवात कुणीतरी म्हणालं होतं, बस.
बाई होती पुस्तकला मेश्राम,
लेकीच्या बाळंतपणाला ब्रम्हपुरीला गेलेली.
फोनवर खळखळून हसली :
"मले नेलं म्हणतेत काय बाप्पा?
मंग हे कोण बोलून रायली?"

त्यानंतर गटात मी एकच नियम टाकला.
निरोपाच्या आधी एक शब्द :
पाहिलं, किंवा ऐकलं, किंवा वाटलं.
पहिले आठ दिवस सगळ्यांनीच पाहिलं होतं.
नवव्या दिवशी हिरामणनं लिहिलं, 'वाटलं'.
दोन तासांनी लोमेशनंही लिहिलं, 'वाटलं'.
मी डाकघरात एकटीच हसले.

पुन्हा मोह आला.
काल रात्री, पावणेतीनला, एका नावाविना नंबरावरून :
'काई पाह्यलो नाही. काई आयकलो नाही.
गावातले कुत्रे चूप आहेत.
भेव लागते.'

वहीत याला रकाना नाही.
या नंबरापुढं एक खरं नाही, एक खोटं नाही.
फोटो नाही, जागा नाही, कोणतं गाव तेही नाही.
विचारलं, 'कोण गा? कोठून?'
उत्तर आलं नाही.

चारला टोपल्या निघणार होत्या.

तो निरोप मी जसाच्या तसा पुढं पाठवला,
स्वल्पविरामही न घालता,
वर माझा एक शब्द लावून : 'ऐकलं'.
मग कडी काढली,
अंगणात उभी राहिले,
आमची कुत्री काय म्हणतात त्याकडं कान देऊन.